स्क्रूचे दात

डॉक्टर ओगल्यांनी स्क्रू चिमट्यात धरला, अर्धा वेढा फिरवला, आणि तो कसलीही कुरकुर न करता माझ्या हिरडीतून बाहेर आला. तीन महिन्यांपूर्वी त्यांनीच तो तिथं बसवला होता. मला जरासुद्धा दुखलं नाही. "दुखलं असतं तर मला बरं वाटलं असतं," असं म्हणून त्यांनी तो कापसावर ठेवला.

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"हाडानं त्याला धरलंच नाही, बाई. इम्प्लांट बसवलं की भोवती हाड भरत जातं आणि ते घट्ट पकडतं. मग त्यावर दात चढवायचे. तुमचा दुसरा स्क्रू चांगला पक्का आहे. पण एकट्या स्क्रूवर चार दात नाही बसवता येत."

"मग दुसरा घाला. आत्ता लगेच."

"आत्ता नाही. आधी जखम भरू दे, मग हाड. चार महिने तरी थांबावं लागेल."

"डॉक्टर, आज नऊ ऑगस्ट आहे. मला पंधरा ऑगस्टला दात पाहिजेत. मे महिन्यात मी तुम्हाला हेच सांगितलं होतं."

डॉ. मृणाल ओगले वयानं माझ्या पहिल्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान. साताऱ्यात त्यांचा नवा दवाखाना होता. पंधरा ऑगस्टचा माझा हट्ट त्यांनी पहिल्या भेटीतच ऐकला होता, पण झेंडावंदनाच्या फोटोसाठी म्हातारीला हसायचं असेल, असंच त्यांना वाटलं असणार. मीही खुलासा केला नव्हता. स्वतःची फजिती परक्या माणसाला कशाला सांगायची?

ती फजिती अशी. मी एकोणतीस वर्षं वाठोळीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलं, शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. मी निवृत्त झाले त्याच सुमाराला गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली. लोकांनी मुलगे त्या गाडीत बसवले आणि मुली आमच्या शाळेत ठेवल्या. होता होता शाळेचा पट सतरावर आला, त्यात तेरा मुली. मग एक मेच्या ग्रामसभेत सरपंच अधिकराव फडतरे यांनी विषय काढला की एवढ्याशा पटासाठी हमरस्त्याची मोक्याची जागा अडवून ठेवण्यात अर्थ नाही. शाळा पलीकडच्या हिवरे गावात हलवावी आणि इथं दुकानांचे गाळे काढावेत. अधिकराव माझाच विद्यार्थी. पाढे त्याला कधी आले नाहीत, पण जागेची किंमत मात्र बरोबर कळायची.

मी बोलायला उभी राहिले. मला तेव्हा वरचे पुढचे चार दात नव्हते. त्या जागी चार दातांची काढता-घालता येणारी पट्टी होती, आणि ती माझ्यासारखीच चिडकी होती. मी आवाज चढवून म्हटलं, "ही शाळा हलवायला तुम्ही कोण?" आणि 'कोण' म्हणता म्हणता पट्टी तोंडातून सुटली, टेबलावर आपटली आणि घरंगळत सरपंचांच्या पाण्याच्या पेल्याला जाऊन टेकली. सभा हसून हसून लोळली. अधिकरावनं ती कागदात धरून उचलून मला दिली आणि म्हणाला, "बाई, आधी दात घट्ट करा, मग ठराव ढिला करा." त्या गोंधळात निम्मे लोक उठून गेले. गणपूर्ती उरली नाही म्हणून विषय पंधरा ऑगस्टच्या सभेवर गेला. नाहीतर तो तिथंच, त्या हसण्यात, मंजूर झाला असता.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला जाऊन डॉक्टर ओगल्यांना म्हटलं, "असे दात बसवा की मी कितीही ओरडले तरी पडणार नाहीत." मुलानं पुण्याहून फोनवर विचारलं, "आई, एकसष्टाव्या वर्षी कशाला ही हौस?" मी फोन ठेवून दिला.

आणि आता सहा दिवसांवर सभा आलेली असताना स्क्रू कापसावर पडला होता.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या हातात माझा पहिल्या दिवशीचा कागद होता. "साखर नाही, बीपी नाही. तंबाखूला तुम्ही 'नाही' म्हणाला होतात. नक्की?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "डॉक्टर, मी एकोणतीस वर्षं मुलांना तंबाखूविरोधाची शपथ देत आले. शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' हा फलक आहे, तो माझ्या हातचा आहे. दोन दिवस शिडीवर चढून रंगवलाय मी."

"बिडी, गुटखा, जर्दा?"

"तुम्ही मला काय समजता?"

"घरात कुणी ओढतं का? धुराचासुद्धा परिणाम होतो."

"घरात मी एकटी राहते."

डॉक्टरांना खरंच कोडं पडलं होतं. त्यांनी पुन्हा एक्स-रे उजेडासमोर धरला.

माझ्यासोबत माझी थोरली जाऊ आली होती. तानुबाई. गाव तिला आक्का म्हणतं. तेव्हा तिची सत्तरी उलटली होती आणि तोंडात औषधालाही दात नव्हता. साताऱ्याला जायला मिळतं म्हणून ती माझ्या प्रत्येक खेपेला यायची आणि दवाखान्यातल्या पंख्याखाली मांडी घालून बसायची. आमचं बोलणं संपतंय असं तिला वाटलं असावं. ती आत आली, कनवटीची डबी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"धर गं रत्ना. तुझी डबी माझ्यापाशीच ऱ्हायली हुती. तोंड धुतलंस की लागंल तुला."

डॉक्टरांनी हात पुढं केला. "काय आहे ते?"

"मशेरी हाय वो. घरची हाय. सोता भाजती मी तव्यावर, आगदी काळी हुस्तवर. इकतची न्हाय."

डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि वास घेतला. मग माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी ओळखते. पोराच्या दप्तरात दुसऱ्याची कंपासपेटी सापडली की मी त्याच नजरेनं बघायचे.

"ही तुम्ही लावता?"

"दातांना," मी म्हटलं. "सकाळी. आणि जेवणानंतर. संध्याकाळी एकदा."

"कधीपासून?"

"नऊ वर्षांची असताना दाढ दुखत होती, तेव्हा आईनं लावली."

"बाई, मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच की."

"पण मी तंबाखू खात नाही," मी म्हटलं, "मशेरी लावते. ते दंतमंजन आहे."

हे वाक्य माझ्या तोंडातून मोठ्यानं बाहेर पडलं आणि मलाच ऐकू आलं. बावन्न वर्षं ते माझ्या मनात होतं, पण बाहेर कधी निघालंच नव्हतं. मी खोटं बोलत नव्हते हो! आक्का तंबाखूची पानं तव्यावर टाकते तेव्हा तिच्या शेजारी बसून मी ठसका लागेपर्यंत गप्पा मारल्या आहेत. ती तंबाखूची पानं आहेत हे मला माहीत होतं. आणि तरीही फलक रंगवताना, शपथ देताना, डॉक्टरांच्या कागदावर 'नाही' म्हणताना, तो तंबाखू वेगळा आणि ही मशेरी वेगळी, असंच मी धरून चालले होते. बी. एड. झालेली बाई मी.

"आवं डाक्टरीणबाई," आक्का मध्येच म्हणाली, "आमच्या सासूनं ऐंशी वर्सं मशेरी लावली. कुठं काय झालं?"

"त्यांचे दात होते का?"

आक्कानं विचार केला. "दात? दात तर चाळिशीतच गेल्ते. तिचं बी, माझं बी. पर दुखलं न्हाईत कधी."

डॉक्टरांना हसू आलं आणि ते त्यांनी आवरलं. मला मात्र रडू कोसळेल असं वाटलं. मग त्या कामाचं बोलल्या. नवा स्क्रू चार महिन्यांनी घालायचा, पण मशेरी आजपासून बंद, एकदासुद्धा नाही. जखम ताजी आहे, तेव्हा जुनी पट्टीही दहा-बारा दिवस लावायची नाही.

"म्हणजे पंधरा ऑगस्टला माझ्या तोंडात काहीच नसणार?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पंधरा ऑगस्टला असं काय आहे, बाई?"

या वेळी मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बोलायला दात लागतात असं कुठं आहे?" वय लहान असलं की असं बोलता येतं. मी पिशवी उचलली. आज माझ्या तोंडात जे चार दात आहेत ते त्यांनीच पुढं दुसऱ्या खेपेला बसवलेले आहेत, आणि ते उत्तम आहेत. पण त्या दिवशी त्यांचा मला राग आला होता.

परतताना आम्ही वडापच्या जीपमध्ये बसलो. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. आक्काच्या पोटात काही राहत नाही. कोरेगाव यायच्या आत तिनं जीपमधल्या अकरा माणसांना स्क्रू कसा हातात आला, डाक्टरीणबाईनं डबीचा वास कसा घेतला, 'आमची रत्ना कशी येड्यावानी बघाया लागली', सगळं साभिनय सांगून टाकलं. त्या अकरांत अधिकरावचा चुलतभाऊ होता.

ते सहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मशेरी लावणाऱ्यांनाच ते कळेल. सकाळी उठलं की हात आपोआप कोनाड्याकडं जायचा. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि जो दिसेल त्याच्यावर ओरडावंसं वाटायचं. आक्का रोज येऊन उंबऱ्यावर बसायची आणि माझ्यासमोर बिनघोर मशेरी लावायची.

"इतकुशी लाव," ती म्हणायची. "डाक्टरीण काय बघाया येती?"

"आक्का, तुम्ही बाहेर बसा."

"भाईरच बसलीया की. उंबऱ्यावर म्हंजी भाईरच."

चौदा तारखेपर्यंत मी मनाशी ठरवलं होतं की सभेला जायचं नाही. एकदा दात पडून हसं झालं होतं. आता बोळकं घेऊन उभी राहिले असते तर पहिल्या वाक्यालाच हशा पिकला असता, आणि शाळा त्या हशातच गेली असती. मी बोलले नाही तर निदान कुणी दुसरं बोलेल, असं मी स्वतःला समजावत होते. कुणीही बोलणार नव्हतं, हेही मला माहीत होतं.

त्या दिवशी चारच्या सुमाराला ग्रामसेवक कुंभार नोटीस घेऊन आला. सही घेतली आणि चुळबुळत उभा राहिला.

"अजून काय?"

"सरपंचांनी निरोप दिलाय, बाई. म्हणाले, बाईंची तब्येत बरी नाही असं ऐकलं. उद्या त्रास घेऊन सभेला येऊ नका. तुमचं म्हणणं आम्ही समजून घेऊ."

"समजून घेणार?"

"असं म्हणाले."

"त्यांना सांग," मी म्हटलं, "बाई येणार आहेत. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा."

तो गेल्यावर वाटलं, हाक मारून परत बोलवावं. पण आता निरोप गेला होता.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्याच मोठ्या वर्गात सभा भरली. एरवी झेंडा वर गेला की बायका घरी जातात, सभा पुरुषांची. त्या दिवशी एकही बाई घरी गेली नाही. जीपमधली कथा घरोघरी पोचली होती आणि आज बाईंचा तमाशा होणार, तो चुकवायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवलेलं दिसत होतं. साठएक बायका मागच्या भिंतीला लागून खाली बसल्या होत्या. आक्का होती, अधिकरावची आई पारूबाई होती, पहिल्या बॅचच्या माझ्या विद्यार्थिनी होत्या, ज्या आता आज्या झाल्या होत्या. अधिकराव खूश दिसला. एवढी गणपूर्ती त्याच्या कारकिर्दीत झाली नव्हती.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. पट सतरा, इमारत जुनी, शाळेचं हिवऱ्याला समायोजन, मोकळ्या जागेत गाळे. "कुणाला काही बोलायचंय?"

मी उभी राहिले.

"बोला की बाई," अधिकराव म्हणाला. त्यानं सभेकडं बघून डोळा बारीक केला. "पर जरा सावकाश बोला. मागच्या टायमाला नुसती पट्टी पडली. आता तर स्क्रूच निघालाय म्हनं."

पुढच्या रांगा हसल्या.

"आन कशानं निघाला, ते बी सांगा सभेला. भिंतीवर एवढं मोठं तंबाखूमुक्त शाळा कुणी लिवलंय, ते सगळ्यांना म्हायती हाय. मला चौथीत छडी कुणी मारली, ते बी म्हायती हाय."

हसणं वाढलं. मी मागं वळून पाहिलं, कशाला ते ठाऊक नाही, कदाचित दाराकडं. मागच्या बायकाही हसत होत्या, पण प्रत्येकीच्या तोंडावर पदराचं टोक होतं. पालकसभेत एकोणतीस वर्षं मी हेच बघत आले होते. बोलायला सांगितलं की या बायका पदर तोंडाशी धरतात आणि डोळे खाली घालतात. मला वाटायचं, मर्यादा. कधी कधी वाटायचं, मूर्खपणा, आणि मी त्यांच्यावर डाफरायचेसुद्धा. त्या दिवशी मला कळलं, कारण माझाही पदर माझ्या तोंडावर होता. मी तो केव्हा धरला ते मला आठवत नाही. आम्हा सगळ्यांचे दात गेलेले होते, नाहीतर काळे पडलेले होते, आणि ते दिसू नयेत म्हणून आम्ही गप्प बसायचो.

मी पदर सोडला.

"सांगते," मी म्हटलं. दातांच्या मोकळ्या जागेतून वारा सुटत होता, शब्द फसफसत होते. "स्क्रू मशेरीनं निघाला. नवव्या वर्षापासून मी मशेरी लावते. या शाळेतसुद्धा लावायचे, ऑफिसचं दार आतून लावून. तुझ्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली म्हणून मी तुला छडी मारली, तेव्हाही माझ्या हिरडीला मशेरी होती. त्या छडीबद्दल मी चुकले. भिंतीवर लिहिलंय ते बरोबर आहे, लिहिणारी बरोबर नव्हती. आज सहा दिवस झाले मी मशेरीला हात लावलेला नाही, डोकं फुटायची वेळ आलीय, त्यामुळं मला जास्त डिवचू नकोस. झालं? आणखी काही विचारायचंय?"

कुणीच हसलं नाही. अधिकरावनं कागद चाळल्यासारखं केलं.

"तिला काय इचारतूस?" मागून आवाज आला. आक्का भिंतीला हात लावून उठत होती. "मशेरी भाजून मी देती. मला इचार की." तिचा पदर खांद्यावर गेला होता आणि तिचं सगळं बोळकं सभेला दिसत होतं. "तुझी आय बी माझ्याकडनंच न्हेती, दर आयतवारी. इचार तिला. ही काय हितं बसलीया."

सगळ्या माना पारूबाईकडं वळल्या. ती सरपंचाची आई. ती काही बोलेल असं मलाही वाटलं नव्हतं. तिनं पदर खाली घेतला. खाली दोन दात होते, दोन्ही काळे.

"व्हय, न्हेती," ती म्हणाली. "मग?"

आता बायका मोठमोठ्यानं हसल्या. पदर न धरता. त्या खोलीत मी एकोणतीस वर्षं काढली, पण असा आवाज मी तिथं ऐकला नव्हता. एकीनं दुसरीला ढोसलं, "दाव की तुझं बी." तिनं दाखवले. पुढची पुरुषमंडळी मान वळवून बघत राहिली.

"विषयावर या, विषयावर या!" अधिकरावनं टेबल बडवलं.

"विषयावरच येते," मी म्हटलं. "पट सतरा. त्यात मुली किती, हे ठरावात लिहिलेलं नाही. तेरा आहेत. तुमचे मुलगे गाडीनं जातात, त्यांचं काही बिघडत नाही. मुलींनी हिवऱ्याला जायचं म्हणजे हमरस्ता ओलांडून जायचं. सोडायला कोण जाणार? महिनाभर कुणीतरी जाईल. मग पाऊस आहे, मग धाकट्याला सांभाळायचंय, मग घरातच असू दे. आक्का, तुम्ही किती शिकलात?"

"दुसरी."

"पुढं का नाही?"

"आमच्या गावची साळा वढ्याच्या पल्याड हुती. एकदा वढ्याला पानी आलं, तवा आय म्हनली उद्या न्हाई गेलीस तर चालंल." आक्कानं हात झटकला. "मग तसंच ऱ्हायलं."

मला पुढं बरंच बोलायचं होतं. तीन महिने मी भाषण तयार केलं होतं. पण आक्कानं ते दोन-तीन वाक्यांत सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, "हा ठराव नामंजूर करावा, अशी मी सूचना मांडते," आणि बसले.

"मतं घ्या," पारूबाई खालूनच म्हणाली.

"आई, तू जरा गप बस," अधिकराव म्हणाला.

"का बरं? मतदार हाय मी. न्हाईतर तुला सरपंच कुणी केला?"

ग्रामसेवकानं हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूनं पुढच्या रांगांतले बरेच हात वर झाले, सगळे नाही. विरोधात म्हटल्यावर मागची भिंत हातांनी भरली, आणि पुढचेही काही हात सरपंचाची नजर चुकवत वर आले. कुंभारनं दोनदा मोजले. मग अधिकरावकडं न बघता म्हणाला, "ठराव नामंजूर."

त्यानं नोंदवहीत लिहायला घेतलं. "सूचक, श्रीमती रत्नमाला कणसे. अनुमोदक कोण?"

"मी," आक्का म्हणाली.

"पूर्ण नाव सांगा."

आक्काच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सणासुदीला उखाण्यात घेतील तेवढंच. माझे दीर जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी ती अजून त्यांना 'आमचं मालक' म्हणायची. कुंभारला ते माहीत होतं. तो म्हणाला, "राहू द्या आक्का, लिहितो मी."

"तू कशाला लिवतूस? मी सांगती." तिनं कुणाकडंच बघितलं नाही. "तानुबाई गणपत कणसे."

आक्कानं तेच नाव पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्यानं, जणू पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नसावं. मग ती हसली आणि खाली बसली.

"माझं बी लिव," पारूबाई म्हणाली. "पारूबाई रंगराव फडतरे."

"काकू, अनुमोदक एकच लागतो."

"लिव म्हनलं न्हवं?"

त्यानं लिहिलं. तोवर तिसरी उठली होती, चौथी तिच्या मागं उभी होती. प्रत्येकीनं आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि कुंभारनं ते बरोबर लिहिलं का म्हणून वहीत डोकावून पाहिलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी मला वाचायला लावलं. अधिकराव मध्येच उठून गेला. पान संपलं, दुसरं घेतलं, तेही संपत आलं.

शाळा अजून तिथंच आहे. त्या नामंजुरीच्या ठरावाला एकसष्ट अनुमोदक आहेत. महिन्याभरानं पंचायत समितीतून विचारणा आली की एका ठरावास एक अनुमोदक पुरेसा असताना एकसष्ट नावं कशासाठी नोंदवली, याचा लेखी खुलासा करावा. कुंभार ते पत्र घेऊन माझ्याकडं आला आणि काय लिहू म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, जे झालं ते लिही. त्यानं माझ्या ओट्यावर बसून पत्राच्या खाली लिहिलं, "ऐकत नव्हत्या," आणि सही करून शिक्का मारला.